जागा अब्बांची, गाडीची नव्हे

शुगरमुळे अब्बांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून आमच्या चिखलीच्या घरात दोन नव्या वस्तू आल्या. एक, मागच्या बाजूला दोन जादा चाके बसवलेली स्कूटी. दुसरी, अब्बांचा फोटो असलेले कार्ड. सरकारी भाषेत त्याला यूडीआयडी म्हणतात, आमच्या मोहल्ल्यात सगळे त्याला 'टक्क्यांचं कार्ड' म्हणतात. स्कूटीच्या पुढे आणि घरच्या जुन्या चारचाकीच्या मागच्या काचेवर चाकाच्या खुर्चीची निळी-पांढरी खूण आहे. त्या खुणेवरून आमच्या घरात जितकी बोलाचाली झाली, तितकी लग्नाच्या बोलणीतही होत नाही.

सुरुवात पुतण्याने केली. बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, ही त्याची रोजची तक्रार. एक दिवस म्हणाला, "गाडी दादाअब्बांच्या नावावर, खूण काचेवर, कार्ड घरात. मग मी एकटा गेलो तरी राखीव जागेत लावायला काय हरकत? कोणी अडवलं तर खूण दाखवीन."

आम्ही काही बोलायच्या आत अब्बाच म्हणाले, "पाय माझा गेलाय, गाडीचा नाही."

पुतण्या हसला, पण त्याचे समाधान झाले नाही. मुलगा हुशार आहे आणि त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. वाहन नोंदणीच्या अर्जात ऑक्टोबर 2020 पासून मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा पर्याय आला आहे. म्हणजे गाडीचाही काही संबंध आहेच की, असे त्याचे म्हणणे. संबंध आहे, पण तो गाडी घेताना मिळणाऱ्या सवलतींपुरता. उभे राहण्याची जागा ही दर वेळी नव्याने मिळणारी सवलत आहे, आणि ती उतरणाऱ्या माणसासाठी आहे. अब्बा गाडीत नसतील तर ती गाडी इतर गाड्यांसारखीच.

यावर एसटीचे उदाहरण आमच्या घरात सगळ्यांना पटले. दिव्यांग प्रवाशाला एसटीत 75 टक्के सवलत आहे. चिखलीहून बुलढाण्याला जाताना अब्बा कार्ड काढतात, कंडक्टर फोटो बघतो, तोंड बघतो आणि तिकीट फाडतो. त्या कार्डावर आपण जाऊ, असे घरातल्या कोणाच्या कधी मनातही आले नाही. मग पार्किंगच्या बाबतीत का येते? तर तिथे कंडक्टर नसतो, एवढेच. बघणारे कोणी नाही, म्हणून ते आपले होते का?

कायदाही सांगून ठेवतो, कारण बऱ्याच घरांत ही माहिती नसते. दिव्यांग हक्कांचा सध्याचा कायदा 2016 चा आहे. त्याच्या कलम 91 मध्ये स्पष्ट आहे की, दिव्यांगांसाठी असलेला लाभ कोणी फसवून घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र परदेशात असतो तसा, काचेला लावायचा आणि देशभर चालणारा पार्किंगचा परवाना आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे ते माणसाचे कार्ड. ती चिकटवायची खूण कोणत्याही रेडियमवाल्याकडे मिळते, ती लावायला कोणी कागद मागत नाही. म्हणून खूण म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही गाडीत कार्डाची झेरॉक्स ठेवतो, अस्सल कार्ड अब्बांच्या खिशात असते.

आमचा एक मावसभाऊ दुबईत ड्रायव्हर आहे. तो सांगतो, तिथे परवान्याशिवाय अशा जागेत गाडी लावली तर 1000 दिरहम दंड आणि लायसन्सवर 6 काळे पॉइंट. ब्रिटनमध्ये 1971 पासून अशी पद्धत आहे. आधी बॅज नारिंगी होता, आता निळा आहे. तो बॅजही माणसाच्या नावाने मिळतो, गाडीच्या नाही. ज्याचा बॅज, तो ज्या गाडीत बसेल तिला तो लावता येतो, मग ती शेजाऱ्याची का असेना. आम्हाला हे फार आवडले, कारण अब्बांना जुम्म्याला कधी शेजारीही सोडतात. त्या दिवशी जागेवरचा हक्क शेजाऱ्याच्या गाडीला, आणि खूण लावलेली आमची गाडी मात्र घरी.

पुतण्याचा पुढचा प्रश्न होता, की पाच मिनिटांनी काय बिघडते? याला उत्तर द्यायचे तर ती जागा तशी का आखतात, हे बघावे लागते. नेहमीच्या गाडीला अडीच मीटर रुंदी धरतात. दिव्यांगांच्या जागेला किमान 3.6 मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट. ती इमारतीच्या दारापासून 30 मीटरच्या आत असावी, असे बांधकामाचे नियम सांगतात. ते जादा साडेतीन फूट रिकामे दिसतात आणि आपल्या लोकांना रिकामे काही बघवत नाही. लगेच कोणीतरी मोटारसायकल आडवी घालतो, वर म्हणतो, "गाडीची जागा तर सोडली ना!" पण खरी जागा तीच असते. दार पूर्ण उघडायला, चाकाची खुर्ची शेजारी लावायला, कुबड्या टेकून उभे राहायला. अब्बा आधी चांगला पाय बाहेर काढतात, मग कृत्रिम पाय हाताने उचलून, मग दाराला धरून उठतात. दार अर्धेच उघडले तर त्यांना उतरताच येत नाही. स्कूटीचे तर आणखी वेगळे. जोडचाकांमुळे ती दोन मोटारसायकलींच्या मधे घुसत नाही, आणि मागून कोणी गाडी लावून गेला तर अब्बा ती ओढून काढू शकत नाहीत. जिल्ह्याच्या गावी एका कार्यालयात ते अशा तऱ्हेने दीड तास उन्हात अडकून होते. मागच्या गाडीचा मालक आला तेव्हा हसून म्हणाला, "चाचा, पाच मिनिटंच झाली."

आता थोडे आमच्या, म्हणजे कार्डवाल्या घरांच्या बाजूने. हक्क आहे म्हणून दर वेळी वापरलाच पाहिजे असे नाही. अब्बांना गाडीतच बसायचे असेल आणि आम्हीच किराणा आणणार असू, तर आम्ही गाडी दुसरीकडे लावतो. त्यांना दवाखान्यातून घ्यायला रिकामी गाडी जाते तेव्हा मात्र ती राखीव जागेत लावणे बरोबर, कारण चढायचे त्यांना आहे. आपण कुठे उभे आहोत हे कोणी विचारले तर चिडायचे नाही, कार्ड दाखवायचे. आणि पायाने धड असलेल्या नातेवाइकाने "तुमची गाडी द्या ना, खूण आहे" म्हणून मागितली तर द्यायची नाही. या एका नकारापायी आमच्याकडे एक फुफाजान अजून नाराज आहेत.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. एका निकाहाला आम्ही हॉलबाहेर उतरत होतो. खुणेच्या जागेतल्या गाडीतून तिशीतला एक तरुण उतरला आणि सरळ चालू लागला. झाले! चार बुजुर्ग तुटून पडले. "धडधाकट आहेस, शरम नाही वाटत?" तो काही बोलला नाही. खाली वाकून त्याने पँट वर केली. आत पट्ट्यांचे कॅलिपर होते, घोट्यापासून मांडीपर्यंत. बुजुर्ग गप्प झाले, पण त्या पोराचा चेहरा आम्ही विसरलो नाही. अब्बा जेवणातही बोलले नाहीत. घरी येताना म्हणाले, "निकाहाला आलेल्या माणसाला कपडे वर करायला लावले यांनी."

ती खुर्चीची खूण 1968 मध्ये डेन्मार्कच्या सुझान कोफोड नावाच्या विद्यार्थिनीने काढली. चांगलीच काढली, जगभर कळते. पण त्या चित्रामुळे लोकांना वाटते की खुर्ची नाही तर दिव्यांग नाही. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन असे आजारही आहेत, जे वरून ओळखू येत नाहीत. म्हणून एखादा माणूस त्या जागेत उतरला आणि चालू लागला, तर आधी तो खोटा नाही असेच धरावे. रिकामी मोटारसायकल उभी असेल तर मालकाला शोधून हळू सांगावे. आणि कृपा करून "किती टक्के?" असे विचारू नये. दहावीचा निकाल आहे का तो? मदत करायची असेल तर आधी विचारावे. अब्बांचा दंड धरून एकदम उचलणारे नेक लोक फार आहेत, त्यांच्यामुळे ते दोनदा पडता पडता वाचले.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मागच्या वर्षी रॅम्प झाला. चांगला झाला, उतारही बरोबर. पण जुम्म्याला रॅम्पच्या तोंडाशी तरुणांच्या मोटारसायकलींची रांग. रस्त्यातला अडथळा दूर करणे नेकी आहे, हे बयानात ऐकायचे आणि बाहेर येऊन त्याच अडथळ्यावर बसून किक मारायची, असा प्रकार. अब्बांनी तीन जुम्मे घरीच जोहर अदा केली. तक्रार केली नाही. हे आम्हाला जास्त लागले.

मग पुतण्याच कमिटीकडे गेला. सोबत टेप घेऊन गेला होता. रॅम्पपाशी त्याने बारा फूट मोजले आणि कमिटीच्या सदरसाहेबांना दाखवले. ते म्हणाले, एवढ्यात सात-आठ मोटारसायकली बसतात. पुतण्या म्हणाला, "हो, आणि दादाअब्बा एकटे." बराच वेळ चर्चा झाली. आपल्या मोहल्ल्यात असे किती लोक आहेत, हा प्रश्न निघाला. मोजले तर अब्बांसह पाच निघाले. त्यातले दोघे कित्येक महिने मशिदीत आलेच नव्हते, आणि ते का येत नाहीत हे कोणी विचारलेही नव्हते.

पिवळा पट्टा मारला गेला. पहिल्या जुम्म्याला पुतण्या आणि त्याचे दोन दोस्त खुत्ब्याआधीपर्यंत तिथे उभे राहिले. दुसऱ्या जुम्म्याला त्या दोघांपैकी एक आले, नातवाचा हात धरून. पावसाळ्यात पट्टा निम्मा धुऊन गेला आहे. रमजानच्या आधी पुन्हा मारायचा ठरला आहे, रंगाचे पैसे फुफाजानांनी देऊ केले आहेत.