कॅमेऱ्याची किंमत किती?



सातवीला गुणोत्तर शिकवताना मी घरातला जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा वर्गात नेला. मुलांनी तो हातोहात फिरवला. पहिलाच प्रश्न आला, "सर, नवा असताना हा केवढ्याला होता?"

पावती आमच्याकडे राहिलेली नाही. म्हणून ज्यांच्या किमती माहीत आहेत असे दोन कॅमेरे फळ्यावर मांडले. 1888 सालचा पहिला कोडॅक 25 डॉलरला. आत 100 फोटोंची फिल्म. ती संपली की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा; 10 डॉलर दिले की फोटो तयार होऊन, नवी फिल्म भरून परत यायचा. 1900 साली त्याच कंपनीचा ब्राउनी आला, फक्त 1 डॉलरला. सहा फोटोंची फिल्म 15 सेंटला. मुलांनी भराभर हिशेब केला : कॅमेरा पंचवीस पट स्वस्त, एका फोटोला फिल्म अडीच सेंटची.

"म्हणजे फुकटच की, सर!" एकजण म्हणाला.

"कॅमेरा एकदाच घ्यायचा. आणि फिल्म?" मी विचारलं. वर्ग गप्प.

मग माझी गोष्ट सांगितली. आमच्या क्लिक थ्रीत एका रोलवर बाराच फोटो निघायचे. वडील तो रोल सणासुदीला जपून, पुरवून वापरायचे. मी चौथीत असताना आत काय आहे ते बघायला मागचं झाकण उघडलं आणि रोल ओढून उलगडला. सगळा वाया. त्यात आजीचा फोटो होता, आयुष्यात काढलेला तेवढाच एक. पुढचा रोल आणेपर्यंत आजी राहिली नाही. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत.

नंतर मुलांना विचारलं, "खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघितलाय?" रोज तिथून येणाऱ्यांनाही तो कुणासाठी आहे हे ठाऊक नव्हतं. विलायती सिनेमा-कॅमेरा आवाक्याबाहेर, म्हणून आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव स्वतःच कॅमेरा बनवायला बसले. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांच्या मदतीनं 1918 साली कॅमेरा पुरा केला. 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. या कॅमेऱ्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

गृहपाठ असा दिला : घरातली एक जुनी वस्तू निवडा. तिची तेव्हाची किंमत आणि तेव्हाची एका दिवसाची मजुरी घरच्यांना विचारा, भागाकार करा. आणि ती घेताना घरानं काय घ्यायचं टाळलं, तेही लिहा.

तुमच्या वर्गात करून बघा. पालकहो, मुलं विचारतील तेव्हा जरा वेळ काढून सांगा. आणि घरात आजी असेल तर तिचा एक फोटो आजच काढा. आता रोल लागत नाही.