बालाघाटची थंडी आणि कान्हाची वाट

नाताळची सुट्टी जवळ येऊ लागली म्हणजे घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. कुणी समुद्रकाठ सुचवितो, कुणी महाबळेश्वर. अलीकडे तर काही हौशी तरुण मंडळी गुलमर्ग अथवा औली येथे जाऊन बर्फावरून स्कीच्या पट्ट्यांवर घसरण्याचा खेळही खेळून येतात. त्यांचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु हिवाळ्याची मौज लुटण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने हिमालयच गाठला पाहिजे असे नाही. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेला लागूनच मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे आणि तेथून कान्हाच्या अरण्यात जाणारी वाट आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना झेपण्याजोगी आहे. मात्र तिची तयारी नीट केली पाहिजे. ती कशी करावी, याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्या असे आम्ही योजिले आहे.

बालाघाट हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा बनविण्यात आला. शहराजवळून वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा व चंद्रपूरकडे जाते. बाजारात हिंदीबरोबर पोवारी कानी पडते आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पुष्कळदा मराठीतच उत्तर मिळते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदिया येथे उतरून गाडी बदलली की बालाघाट फार दूर नाही. येथून जबलपूरकडे पूर्वी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चिमुकली आगगाडी डोंगरातून वळणे घेत जात असे. ती २०१५ साली बंद झाली आणि आता त्या मार्गावर रुंद रूळ आले आहेत.

बालाघाटहून बैहरमार्गे मुक्कीच्या फाटकापर्यंतचा रस्ता सुमारे ८० किलोमीटरांचा आहे. घाट चढून गेले की धानाची शेते मागे पडतात व सालवृक्षांची राई सुरू होते. या रस्त्याने दिवसाउजेडीच जावे. रात्री धुके उतरते आणि गुरे व रानजनावरे रस्त्यावर येतात. सकाळच्या फेरीसाठी पहाटे उठावयाचे असल्याने आदल्या सायंकाळी मुक्कीजवळ मुक्कामास पोहोचणेच इष्ट.

आता थंडीविषयी. बालाघाट शहर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांहूनही कमी उंचीवर आहे, तर कान्हाचे अरण्य साधारण ४५० मीटरांपासून ९०० मीटरांपर्यंत चढत जाते. पण थंडीचे खरे कारण केवळ उंची नव्हे. निरभ्र रात्री गवताळ मैदानातील उष्णता झपाट्याने आकाशात निघून जाते. गार हवा जड असते. ती टेकड्यांवरून घरंगळत खाली येते आणि या मैदानांत पाण्यासारखी साचून राहते. म्हणून टेकडीच्या माथ्यापेक्षा खालचे मैदान पहाटे अधिक गारठलेले असते. डिसेंबर-जानेवारीत कित्येक सकाळी गवतावर पांढरे दहिवर गोठलेले दिसते. या गारठ्याने सालाची कोवळी रोपे मरतात, आणि मैदानांत सालवृक्ष सहसा पाय रोवू शकत नाहीत, त्याचे एक कारण हेच. ज्या गारठ्यात झाडाचे रोप तग धरीत नाही, त्यातून आपण उघड्या मोटारीत बसून, तोंडावर वारा घेत जाणार आहोत, हे ध्यानी ठेवूनच पेटी भरावी.

येथे बर्फावर खेळणाऱ्यांचा अनुभव आपल्या उपयोगी पडतो. ते एक जाडजूड कोट घालण्याऐवजी तीन थरांत कपडे घालतात. अंगालगतचा थर पातळ लोकरीचा अथवा घाम न धरणाऱ्या कापडाचा. सुती बनियन दवाने किंवा घामाने ओलावले की अंग गार पाडते. मधला थर लोकरी स्वेटरचा, कारण लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवाच ऊब राखते. बाहेरचा थर वारा आत शिरू न देणारा. त्यासाठी महागडे जाकीट नसले तरी घरातील पावसाळी कोट चांगले काम देतो. या थरांचा दुसरा फायदा असा की नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापू लागले म्हणजे एकेक कपडा उतरविता येतो.

कानटोपी, मफलर आणि हातमोजे प्रत्येकाला हवेतच. पायमोजे दोन घातले तरी जोडा सैल असावा. घट्ट जोड्यात बोटांचे रक्त अडते आणि मोजे कितीही जाड असले तरी पाय गारठतात. वृद्धांच्या व बालकांच्या मांडीवर घोंगडी पांघरावी. गरम पाण्याची रबरी पिशवी बरोबर असल्यास उत्तमच. मागच्या बाकावर हादरे सर्वांत अधिक बसतात, तेव्हा कंबरदुखी असलेल्या वडील मंडळींना मधल्या बाकावर बसवावे. कपड्यांचे रंग मातकट अथवा हिरवट असावेत. अत्तरे घरीच ठेवावीत. धुळीसाठी एक मोठा रुमाल सर्वांजवळ असावा.

स्की खेळणाऱ्यांची आणखी एक रीत अनुकरणीय आहे. प्रथमच जाणारा शहाणा मनुष्य पट्ट्या व बूट भाड्याने घेतो आणि स्वतःचे पैसे मोजे व हातमोजे यांवर खर्च करतो. आपणही एका सहलीसाठी दुकान घरी आणू नये. दुर्बीण स्नेह्यांकडून मागून घ्यावी. विकत घ्यावयाचीच असेल तर तिच्यावरील आकडे वाचण्यास शिकावे. ‘८×४२’ याचा अर्थ वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढील भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता सव्वापाच येतात. तितक्या मिलिमीटरांचा प्रकाशझोत डोळ्यांत शिरतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तो पुरेसा ठरतो. बारापट मोठे दाखविणारी दुर्बीण ऐटदार खरी, पण हातात धरली असता तिच्यातील चित्र थरथरत राहते.

अरण्यप्रवेशाचा परवाना वनखात्याच्या संगणकीय व्यवस्थेवर आधी काढावा लागतो. नाताळच्या दिवसांत जागा फार लवकर भरतात, म्हणून तारीख ठरताच हे काम उरकावे आणि परवान्यात नोंदविलेले मूळ ओळखपत्रच बरोबर न्यावे. एका मोटारीत सहा प्रवासी बसतात. बुधवारी दुपारची फेरी नसते आणि पावसाळ्यात अरण्य बंद असते. ज्यांना सवड आहे त्यांनी नाताळचा आठवडा टाळून जानेवारीच्या मध्यास जावे. थंडी तशीच असते आणि गर्दी मात्र ओसरलेली असते.

आता वाघ. सहलीला निघालेले मूल पहिला प्रश्न हाच विचारते, आणि खरे सांगावयाचे तर मोठ्यांच्याही मनात तोच असतो. येथे साधा हिशेब करावा. कान्हाचा गाभा सुमारे ९४० चौरस किलोमीटरांचा आहे आणि २०२२ च्या गणनेनुसार वाघ शंभराच्या घरात आहेत. म्हणजे एका वाघामागे नऊ चौरस किलोमीटर रान. त्यातही प्रवाशांना गाभ्याचा सुमारे एक पंचमांश भागच खुला असतो. तेव्हा वाघ दिसला तर भाग्य, न दिसला तर फसवणूक नव्हे. मोटारचालकास अधिक पैशांचे आमिष दाखवून रस्ता सोडावयास लावणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. त्यांना वाघ दिसला की नाही ते देव जाणे. पण नदीकाठी मान वर करून उभा असलेला गवा त्यांना दिसला नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

कान्हाचे खरे वैभव बारशिंगा आहे. दलदलीत राहणाऱ्या आपल्या भाऊबंदांहून निराळा, कठीण जमिनीवर वावरणारा हा हरणाचा प्रकार १९७० साली येथे अवघा ६६ उरला होता. आज त्याची संख्या हजारापलीकडे गेली आहे. हिवाळा हा त्याचा विणीपूर्वीचा मीलनकाळ. तेव्हा नर शिंगांवर गवताचे झुबके मिरवीत धुक्यातून हुंकारत फिरतात. हे दृश्य उन्हाळ्यात येणाऱ्यास लाभत नाही, म्हणूनही थंडी सोसावी.

परंतु बारशिंगा वाचला तो फुकट नव्हे. त्याला उंच गवत हवे होते, आणि त्या जागी माणसांची शेते व गुरे होती. १९६९ च्या सुमारास सोंफ हे गाव हलविण्यात आले. पुढे आणखी कित्येक गावे उठली. आज आपण ज्यांना निसर्गाची मैदाने म्हणतो, त्यांतील अनेक कालपर्यंत बैगा व गोंड कुटुंबांची शेते होती. बैगा हा येथील जुना रहिवासी. नांगराने भूमातेची छाती चिरू नये अशी त्याची परंपरागत समजूत. रानाचा तुकडा जाळून, त्याच्या राखेत बी फेकून तो कोदो-कुटकी पिकवीत असे. हरणाचे कळप पाहून आपल्या मुलांनी आनंदाने टाळ्या वाजवाव्या, पण या आनंदासाठी कुणाची तरी चूल हलली आहे हेही त्यांना सांगावे.

या जाणिवेचे रूपांतर कृतीत करणे कठीण नाही. वाटाड्या पुष्कळदा याच परिसरातील गावचा असतो. त्याला एकेरी हाक न मारता ‘दादा’ म्हणावे, त्याच्याकडून झाडांची व पक्ष्यांची नावे विचारून घ्यावी आणि निघताना त्याचे श्रम ओळखावे. शहरातून खाऊचे डबे भरून नेण्यापेक्षा बैहरच्या बाजारात कोदो-कुटकी अथवा मध विकत घ्यावा. न विचारता कुणाच्या अंगणाची किंवा गोंदलेल्या वृद्धेची छायाचित्रे काढू नयेत. आपल्या आजीचे छायाचित्र परक्याने तसे काढलेले आपल्याला चालेल काय?

सारांश, पेटीत लोकर अधिक व नटवेपणा कमी असावा, हाती एखादी बरी दुर्बीण असावी, आणि दोन सकाळींची सवड काढावी. एका सकाळीत अरण्य ओळखीचे होत नाही. घरातील वृद्धांना ‘तुम्हांला झेपणार नाही’ म्हणून मागे ठेवू नये. घोंगडीत गुरफटून बसलेल्या आजीला बारशिंग्याचा हुंकार ऐकू आला आणि तिने नातवाचा हात हळूच दाबला, तर सहलीचा खर्च भरून पावला असे समजावे.