रक्ताची राखण

कुत्र्याच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण ११० दिवस जगते. अस्थिमज्जेत जन्मते, अंगभर प्राणवायू पोचवते आणि थकली की प्लीहेत विरून जाते. ‘आयएमएचए’ (इम्यून-मीडिएटेड हिमोलिटिक अ‍ॅनिमिया) या रोगात तिला हे आयुष्य पुरते लाभत नाही. बाहेरच्या जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे घडवते, ती त्यांना चिकटतात, आणि अशी खूण लागलेली प्रत्येक पेशी शरीरातल्या भक्षक पेशी गिळत सुटतात. राखणदारानेच घरच्या माणसांना चोर ठरवावे, तसा हा प्रकार.

पुष्कळदा कारण सापडतच नाही. कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत हा आजार अधिक दिसतो. आपल्याकडे मात्र पहिला संशय गोचिडावर घ्यावा लागतो. त्याच्यातून येणारा बेबेसिया हा परजीवी तांबड्या पेशीतच घर करतो आणि प्रतिकारशक्तीला भडकवू शकतो. म्हणून अशा कुत्र्याच्या रक्तात गोचीडतापाचा शोध घेणे हा उपचाराचाच भाग आहे. तो राहून गेला, तर पुढचे सारे अंधारात चालते.

काल जिना धडाधड चढणारे कुत्रे आज पहिल्याच पायरीशी थांबते. लघवी गडद होते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो. सर्वांत आधी बोलतात त्या हिरड्या. ओठ हलकेच वर उचलून त्या रोज खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. निरोगी हिरडी ओली, गुलाबी असते. आजारात तो गुलाबी रंग फिका होत होत कागदासारखा पांढरा पडतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. रक्त द्यावे लागते, आणि रक्त पातळ होत असतानाच त्याच्या गुठळ्या होण्याचे विचित्र संकटही उभे असते. शांत झोपलेले कुत्रे मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास घेते. तो आकडा एकाएकी वाढला, धाप लागली, तर रात्र असो वा पहाट, दवाखाना गाठायचा.

उपचाराचा कणा म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. या औषधांच्या घराण्याची कथा १९४८ पासूनची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, आणि १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. कुत्र्याच्या घरात मात्र या गोळीची ओळख होते ती पाण्याच्या रिकाम्या भांड्यावरून. तहान वाढते, लघवी वाढते, मध्यरात्री दाराशी नखांची खरखर ऐकू येते. भूक तर अशी, की नुकतेच जेवलेले कुत्रे पोळीच्या डब्यासमोरून हलत नाही. पोट सुटते, मांड्या मात्र सुकतात. नियम मोडल्याबद्दल अशा कुत्र्याला रागावणे हा निव्वळ अन्याय आहे. ती त्याची खोड नसते, औषधाची मागणी असते. पाणी कधीही तोडू नये, बाहेरच्या फेऱ्या वाढवाव्यात.

गोळी एकदम बंद करणे सर्वांत घातक. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपले काम थांबवतात, आणि त्या जाग्या व्हायला वेळ लागतो. म्हणून मात्रा तीन ते सहा महिन्यांत, रक्ताचा अहवाल पाहून टप्प्याटप्प्याने उतरवतात. कुत्रे लंगडते म्हणून घरातली वेदनाशामक गोळी सोबत देऊ नये. जठरात जखमा होतात. अझाथायोप्रिनसारखे जोडीचे औषध असेल तर हातमोजे घालूनच हाताळावे.

दाबून ठेवलेल्या प्रतिकारशक्तीचे काम त्या काळात घरच्यांकडे येते. फेरीहून आल्यावर कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बोटे फिरवून गोचीड शोधायची. कच्चे मांस बंद. पावसाळ्यात पंजे कोरडे पुसायचे, कातडीवरचा लहानसा फोडही दाखवून आणायचा.

औषध थांबले तरी रक्त तपासत राहावे लागते, कारण रोग उलटू शकतो. काही कुत्र्यांना थोडी मात्रा आयुष्यभर लागते. पुढची प्रत्येक लस आणि गोचिडांवरचे औषधसुद्धा हा इतिहास सांगून, डॉक्टरांना विचारूनच द्यायचे.