हात मागे बांधून

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त जबलपुरास आले आणि इथलेच झाले. माझा नातू ही आमची इथली पाचवी पिढी. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा आमच्या मुलांचा तिहेरी संसार असतो. त्यात ती आनंदाने वाढतात, म्हणून आम्हांलाही त्याचे ओझे कधी वाटले नव्हते.

साडेतीन वर्षे पुरी होताच नातवाला जवळच्या एका शाळेत घातले. तिथून रोज चार रेघांची वही घरी येई आणि तीत एकेका अक्षराचे पान भरून पाठवावे लागे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर, तेव्हा हे काम आपोआपच माझ्याकडे आले. माझे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेलेले. माझे अक्षर कचेरीत वाखाणले जाई. मी नातवाची मूठ माझ्या मुठीत घेतली आणि पान भरले. दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीवर चांदणी चिकटवून दिली. त्या चांदणीत निम्म्याहून अधिक वाटा माझा होता, हे त्या आनंदात माझ्या ध्यानी आले नाही.

दोन महिन्यांत एक गोष्ट हळूहळू घरात शिरली. बूट घालायचे तर, "आबा, तूच कर." गुंडी लावायची तर, "तूच कर." ताटातला भात कालवायचा तरी तेच. लाडावला आहे, असे आम्ही म्हणत असू. मग एका संध्याकाळी मी त्याच्यापुढे कोरा कागद आणि रंगीत खडू ठेवले व म्हणालो, "आज अभ्यास नाही. तुला हवे ते काढ." त्याने खडू उचलला, मूठ वळली, ती मूठ माझ्या तळहातावर ठेवली आणि तो वाट पाहत राहिला.

तो क्षण मला अद्याप विसरता आलेला नाही.

कार्तिकात माझी थोरली बहीण महिनाभर आमच्याकडे राहायला आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तरुणपणी तिने डहाणूजवळच्या कोसबाडला बालवाडीच्या शिक्षिकेचे शिक्षण घेतले आणि पुढे तीस वर्षे तीच चाकरी केली. ती वहीविषयी अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला म्हणाली, "दहा मिनिटे हात मागे बांधून बसशील का?"

तिने जमिनीवर चटई पसरली. तिच्यावर दोन वाट्या ठेवल्या, एकीत राजमा आणि शेजारी चमचा. काही न बोलता, अगदी संथपणे, तिने एक चमचा राजमा या वाटीतून त्या वाटीत घातला आणि चमचा नातवासमोर ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिले. "आबा, तूच कर." माझा हात पुढे होऊ लागला, आक्काने नुसती मान हलवली. बराच वेळ कोणीच काही केले नाही. मग त्याने चमचा घेतला. दाणे सांडले, त्याने ते वेचले, पुन्हा सांडले. वाटी रिकामी झाली तेव्हा मला वाटले, सुटलो. परंतु त्याने दुसरी वाटी पुढे ओढली आणि उलट दिशेने काम सुरू केले. असे सात वेळा झाले. हिशेबनीस असल्यामुळे मी मोजले.

रात्री मी आक्काला विचारले, "यातून तो शिकला काय?" तेव्हा तिने मला जुनी हकीकत सांगितली. १९०७ च्या जानेवारीत रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी मजुरांच्या लहान मुलांसाठी बालगृह उघडले. तिथे त्यांनी पाहिले की, हाताला योग्य काम मिळाले तर चार वर्षांचे मूलही तासन्‌तास त्यात रमते आणि कोणी शाबासकी देण्याची वाट पाहत नाही. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यातील खोबणींत बसवायचे दट्टे असतात. एक दट्टा चुकीच्या खोबणीत गेला, की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मुलाला त्याची चूक साधनच दाखवते. मोठ्या माणसाने "चुकलास" असे म्हणावे लागत नाही. दट्ट्याची लहान मूठ तीन बोटांत धरावी लागते, आणि पुढे लेखणी धरायची तीही त्याच तीन बोटांनी. "तू मूठ धरून लिहवत होतास," आक्का म्हणाली, "पण बोटे अजून तयार व्हायची होती."

१९३९ साली माँटेसोरीबाई मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांना इथेच राहावे लागले. त्या काळात त्यांच्याकडून अनेक भारतीय शिक्षकांनी धडे घेतले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून ते मुलांत जाऊन बसले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंना एक प्रश्न छळत असे : ही महागडी साधने खेड्यातल्या मुलापर्यंत कशी पोचणार? १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तिथे शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे इथून तिचा आरंभ होई. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी, गुरे राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणातही शाळा भरवली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा आंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आमच्या जबलपुरातही तो हिंदीच समजला जातो. त्याच्या मागे असे एखादे अंगण उभे आहे, हे मला तरी त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते.

मुलाच्या कलाने घेणे म्हणजे त्याला मोकाट सोडणे, अशी माझी समजूत होती. आक्काचे नियम मात्र कडक होते. फळीवर चारच वस्तू ठेवायच्या. त्यांतली हवी ती नातवाने निवडावी. परंतु एक वस्तू जागेवर ठेवल्याखेरीज दुसरी घ्यायची नाही. फेकाफेक केली तर ती वस्तू त्या दिवसापुरती आत जाई. पाणी सांडले तर रागवायचे नाही; लहान फडके त्याच्या हाताशी ठेवायचे. माझ्या जुन्या सदऱ्याच्या गुंड्या, मटार सोलणे, लहानसे पोळपाट-लाटणे, दोन पेल्यांतले पाणी, एवढ्यावर महिना सरला. आक्काने पॉलिश कागदाचा एक ग कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. नातू त्यावरून दोन बोटे फिरवी आणि तोंडाने ग म्हणे. गाय, गवत, गूळ हे शब्द त्याचे त्यानेच गोळा केले. लेखणीला या काळात आम्ही हात लावला नाही.

मला भीती वाटे की तो मागे पडेल. ती भीती मी मुलाजवळ बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हसत म्हणाला, "बाबा, माझी चित्रकलेची वही तुम्हीच पुरी करून द्यायचात. आठवते?" त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. पण गेली पंचवीस वर्षे मी सर्वांना सांगत आलो होतो की, आमच्या मुलाला चित्रकलेची उपजतच आवड नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात मी शाळेत जाऊन बाईंना भेटलो. मनात तक्रार होती. ती तिथेच विरली. त्यांच्यापुढे मुलांची गर्दी होती, आणि वही भरलेली दिसली नाही तर पालकच जाब विचारतात, असे त्या म्हणाल्या. खरेच होते. चांदणी पाहून खूश होणारे आम्हीच की. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानून खेळावर आणि कृतीवर भर दिला आहे. परंतु ते धोरण आमच्या ओसरीवर आणून ठेवणारा कोणी सरकारी माणूस येणार नाही. बाईंनी एवढे कबूल केले की, तो स्वतः जेवढे करील तेवढेच त्या पाहतील. त्यानंतर वही परत आली, ती चांदणीविना. पानावर तीन रेघा होत्या, त्यांतली एक बरीच वाकडी. त्या मात्र त्याच्या होत्या.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. थकला की आजही तो "तूच कर" म्हणतो, आणि घाई असली की माझाही हात पुढे जातो. साठ वर्षांची सवय एका महिन्यात जात नाही. आक्का जाताना म्हणाली होती, "मूल लवकर सुधारेल. तुझ्यावर जास्त मेहनत घ्यावी लागेल."

माघातली एक थंडगार सकाळ. शाळेची रिक्षा दारात उभी होती आणि रिक्षावाला भोंगा वाजवत होता. नातू लोकरीच्या जाकिटाच्या गुंड्या लावत होता. वरपर्यंत आला तेव्हा एक गुंडी उरली. तिला घरच राहिले नव्हते. त्याने तिच्याकडे पाहिले, मग जाकीट खालीवर न्याहाळले. मी उठू लागलो.

"आबा, तू नुसता बस," तो म्हणाला. त्याने सगळ्या गुंड्या काढल्या आणि अगदी खालच्या गुंडीपासून पुन्हा सुरुवात केली.

मी हात मागे बांधून बसून राहिलो. रिक्षा थांबली होती. तिला थोडे थांबायला काय हरकत आहे?