विहाराची किल्ली कोणाकडे?

नीरा-भीमेच्या संगमावरील आमच्या नरसिंहपुरात विहार समितीचे अध्यक्ष अचानक गेले. बँकेत त्यांची आणि माझी, दोघांची सही लागे. जयंती पंधरा दिवसांवर, आणि वर्गणीचे पैसे खात्यात अडकलेले! उसनवारी करून जयंती पार पाडली. नोंदणीकृत न्यासाने विश्वस्तांतील बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. हे मला ठाऊक होते, दुसऱ्या कोणालाच नाही.

दोष माझाच. मी बी.कॉम. कारकून, पण किर्द, ठराववही, शिक्का सारे माझ्याच पेटीत. कोणाला शिकवलेच नाही.

तथागतांनी आपल्यामागे कोणाला वारस नेमले नाही. धम्मच वारस मानला. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हे आवर्जून मांडले. तरीही माणसे घडवावी लागतात, हे ते जाणून होते. १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापली, तर १९५६ साली मुंबईत राजकीय प्रशिक्षणाची शाळा काढली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे महासभेची धुरा भैयासाहेबांनी वाहिली.

परवा वस्तीतली कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, “काका, किर्द लिहायला शिकवाल?” मनात आले, हिला काय जमणार? त्या विचाराचीच लाज वाटली. आता रविवारी वंदनेनंतर ती लिहिते, मी तपासतो. पुढच्या सभेत खजिनदारपदासाठी तिचे नाव मीच सुचवणार आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे, हे एकदा पाहा. जयभीम!