आजीच्या गालावरचा तीळ

घरातील धूळ डोळ्यांना दिसते, म्हणून ती झाडली जाते. जी दिसत नाही तिचे काय करावे, हे आम्हां दोघां भावांना वडिलांच्या लाकडी कॅमेऱ्याने शिकविले. वडील गेले, स्टुडिओ बंद झाला. पण तो कॅमेरा आणि ४ बाय ५ इंची फिल्मचे बारा होल्डर आम्ही टाकून दिले नाहीत. सणासुदीला, घरच्या माणसांसाठी, ते आजही बाहेर निघतात.

ज्यांनी असा होल्डर पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. ही एक चपटी चौकट असते. तिच्या दोन्ही अंगांस एकेक फिल्म बसते आणि वर सरकती पट्टी येते. तिला डार्क स्लाईड म्हणतात. पट्टीच्या मुठीची पांढरी बाजू बाहेर असेल तर फिल्म कोरी, काळी असेल तर छायाचित्र घेऊन झालेले. पांढऱ्या बाजूस बारीक उंचवटे असतात. अंधारात बोटांना तेवढेच डोळे!

१९९७ च्या नाताळात आजीला अंगणात खुर्चीवर बसवून आम्ही तिचे छायाचित्र घेतले. घाई होती, होल्डर झटकण्याचा आम्ही कंटाळा केला. प्रत हाती आली तेव्हा आजीच्या उजव्या गालावर काळा ठिपका होता. फिल्मवर बसलेल्या कणाने प्रकाश अडविला होता. निगेटिव्हवर ती जागा कोरी राहिली आणि कागदावर काळी उमटली. एन्लार्जरमध्ये निगेटिव्हवर धूळ बसली तर प्रतीवर पांढरा ठिपका येतो. काळा ठिपका बहुधा होल्डरची किंवा कॅमेऱ्याच्या भात्याची चुगली करतो. पुन्हा फोटो काढू म्हणेपर्यंत फेब्रुवारीत आजी गेली.

तेव्हापासून आम्ही नेम केला. न्हाणीघरात गरम पाणी सोडायचे, वाफेने हवेतली धूळ खाली बसू द्यायची आणि मग काम बाहेरच्या खोलीत नव्हे, तेथेच करायचे. पट्टी पूर्ण ओढून काढावी, पण सावकाश. कोरड्या हवेत झटक्याने ओढली तर घर्षणाने वीज निर्माण होऊन ती धुळीला बोलावून घेते. चौकट तळहातावर आपटावी, खाचांतून मऊ कुंचला फिरवावा, रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचा तुषार धुळीहून वाईट. पट्टी जेथून आत शिरते तेथील मखमलीत सर्वांत जास्त कण दडतात. खालच्या झडपेचे कापड चिरले आहे का, तेही पाहावे. शंका आल्यास अंधारात फोटोचा कागद भरून होल्डर थोडा वेळ उन्हात फिरवावा. कागद धुतल्यावर काळा पट्टा दिसला, की फट सापडली. शेवटी प्रत्येक होल्डर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

निगेटिव्हवरची ती कोरी जागा पेन्सिलीने भरून काढता आली असती. वडिलांनी ती कला आम्हांस शिकविली होती. पण आजीच्या चेहऱ्यावर हात चालविण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

ते चित्र आजही ओटीवर आहे. धाकट्याच्या मुलीच्या गालावर खरोखरीच तीळ आहे. तो पणजीकडून आला, असे ती आल्यागेल्यास अभिमानाने सांगते. तिला खरे सांगावे की नाही, यावर आम्हां भावांचे अद्याप एकमत झालेले नाही. तो विषय निघाला, की आम्ही मुकाट्याने होल्डर पुसावयास घेतो.