सहा हजार दोनशेचा चेनसॉ

मे २०२५ मधल्या वळवाच्या पावसात सहकारनगरच्या आमच्या सोसायटीतला जुना गुलमोहर रात्री साडेनऊच्या सुमाराला पडला. निम्मा रस्त्यावर, निम्मा आवारात. १०१ ला फोन केला. अग्निशमन दलाचे जवान आले आणि भर पावसात त्यांनी पाऊण तासात रस्ता मोकळा केला. दीड फुटी फांदी काकडी कापावी तशी कापली जात होती. आवारातला भाग कुणाच्या वाटेत नव्हता, त्यामुळे तो तसाच ठेवून ते पुढच्या वर्दीवर गेले. गुलमोहराची मुळं वरवरची आणि लाकूड ठिसूळ, त्यामुळे पुण्यात दर पावसाळ्यात अशा वर्द्या येतच असतात.

उरलेल्या बुंध्याचे तुकडे करून उचलून न्यायला एका माणसाने नऊ हजार सांगितले. कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी मोबाइल पुढे केला. पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, ५८ सीसी, २० इंची पट्टी, ६,२०० रुपये, घरपोच. "नऊ हजार एकदाच देण्यापेक्षा मशीन आपलं होईल, दरवर्षी फांद्या काढायलाही उपयोगी पडेल. चालवेल आपला माळी." ठराव पाच मिनिटांत झाला. फांद्या काढायलाही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, एवढं मी मध्ये बोललो. मशीनबद्दल मीही काही बोललो नाही. एकतीस वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली आहेत. बोलायला हवं होतं ते मीच.

खोकं आलं. आत मशीन, पट्टी, साखळी, एक पाना, पेट्रोल-ऑइल मिसळायची खुणांची बाटली आणि चार पानांचं माहितीपत्रक. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं. २५ला १, लिटरला ४० मिली. आमचा माळी पन्नाशीचा, पायात स्लिपर, आयुष्यभर कोयता आणि कात्री चालवलेला. त्याने मशीन उचलून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही एकदा दाखवा, मग मी करतो." म्हणून पहिल्यांदा ते मी हातात घेतलं.

सातव्या ओढीला इंजिन सुरू झालं. पहिला अर्धा तास खरोखर छान गेला. साखळीचे दाते लाकडाचे जाडसर कपचे उडवत होते. धार बरोबर असल्याची तीच खूण. कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की दाते बोथट झाले असं समजायचं. आमच्या साखळीचं पीठ चाळिसाव्या मिनिटाला पडायला लागलं. कापही सरळ जाईना, डावीकडे वळू लागला. एका बाजूचे दाते दुसऱ्या बाजूपेक्षा लवकर मेले, की असं होतं. मी गोल कानस घेऊन बसलो. कानस दात्यावर धरली आणि पहिल्याच हाताला कळलं की धातू मऊ आहे. हत्याराचं पोलाद कानशीला विरोध करतं, हे सरळ झिजत होतं. पुढे पट्टीतून धूर आला. साखळीला तेल पोचवणारं भोक भुशाने बुजलं होतं. ते साफ केलं. मग साखळी ताणताना पट्टी धरणाऱ्या स्टडचे आटे गेले. हे सगळं पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या चहापर्यंत.

यातलं काहीच मला फार लागलं नाही. स्वस्त वस्तू दुरुस्त करून वापरायची सवय आमच्या पिढीला आहे. दुसऱ्या दिवशी आटे दुरुस्त करून आणले आणि सकाळी पुन्हा कामाला लागलो. माळी फांद्या ओढायला माझ्या डावीकडे उभा होता.

पट्टीचं टोक बुंध्याआड दडलेल्या एका फांदीला लागलं. टोकाच्या वरच्या पाव भागाने लाकडाला स्पर्श केला, तर साखळीला कापायला जागा मिळत नाही आणि फिरण्याचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो. तसंच झालं. मशीन माझ्या डाव्या खांद्याकडे उसळलं. पुढच्या हँडलसमोर एक कडी असते. मशीन उसळताना मनगट तिच्यावर आपटलं, की ब्रेक लागून साखळी जागच्या जागी थांबावी, अशी ती रचना. माझं मनगट आपटलं. कडी खटकन पुढे पडली. साखळी फिरतच राहिली. शर्टाची खांद्यावरची शिवण उसवून ती गेली, आणि मी मशीन खाली दाबून स्विच बंद केला तेव्हा कुठे थांबली. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. माळी दोन हातांवर होता.

रात्री झोप लागेना, म्हणून कागद घेऊन हिशेब मांडला. सात दात्यांचं स्प्रॉकेट, मिनिटाला आठ हजार फेरे धरले तर साखळीचा वेग सेकंदाला पंधरा मीटर. साखळीची पूर्ण लांबी सव्वा मीटर. म्हणजे एका सेकंदात ती पट्टीभोवती बारा वेळा फिरते. चांगला ब्रेक ती डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबवतो. आमच्या मशीनने दोन सेकंद घेतले असतील, तर तेवढ्यात तीस मीटर साखळी माझ्या मानेपासून वीतभर अंतरावरून गेली.

नाना पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मशीन नेलं. त्याने क्लचचं झाकण उघडून ब्रेकची पट्टी दाखवली. ती तेलाने माखलेली होती आणि ड्रमला एकाच बाजूने टेकत होती. मला म्हणाला, "काका, हे कापतंय बरोबर. तुम्ही फक्त ब्रेक मारून बघायचा होता." मग मी मागितला म्हणून त्याने व्हर्निअर दिला. बोअर ४५.२ मिलिमीटर, स्ट्रोक ३४. हिशेब केला, साडेचोपन्न सीसी. खोक्यावर ५८. त्याच्या टेबलावर कुणाचातरी हातात मावणारा बॅटरीवाला छोटा चेनसॉ उघडून पडला होता. त्यावर '८८ व्हीएफ' छापलेलं. आत लिथियमचे पाच सेल, म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर एकवीस व्होल्ट. त्या मशीनला ब्रेकच नव्हता, आणि तो लोक एका हाताने चालवतात.

त्याच्या सांगण्यावरून मी ऑरेगन कंपनीची साखळी घेतली. लाकूड पोखरणाऱ्या एका किड्याची अळी बघून, तिच्या जबड्यासारखे दाते जो कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४०च्या दशकात केले, आणि त्यातूनच ही कंपनी उभी राहिली. साखळी बदलल्यावर तेच मशीन वेगळं वाटू लागलं, हे मी मान्य करतो. भोरजवळ शेती असलेल्या माझ्या मेव्हण्याकडे असलंच यंत्र तीन वर्षं चालू आहे. त्याने पहिल्याच आठवड्यात साखळी आणि पट्टी बदलली, रोज काम संपल्यावर तो ते उघडून साफ करतो, आणि टाकीत पेट्रोल ठेवत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बुरेटर बसतो. त्याला टू-स्ट्रोक इंजिनाची ओळख आहे, बाभळी तोडायचं काम वर्षभर आहे. शिवाय या नमुन्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. त्याचे पैसे वसूल झाले. वर्षातून दोन दिवस मशीन बाहेर काढणाऱ्या सोसायटीचे होत नाहीत.

आमचा हिशेब असा झाला: मशीन ६,२००, टू-स्ट्रोक ऑइल आणि साखळीचं तेल ६५०, नवी साखळी ९५०, आटे आणि ब्रेकची दुरुस्ती १,४००. एकूण ९,२००. यात जाळीचं हेल्मेट नाही, कानावरची आवरणं नाहीत, बूट नाहीत. चेनसॉसाठी एक खास पँट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थरावर थर असतात. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि साखळी अडते. ती पँटही यात नाही. बुंधा शेवटी नऊ हजारवाल्याच माणसाने दोन साथीदारांसह येऊन कापला. दोन तास लागले.

मला राहून राहून एकच गोष्ट सलते. माळ्याने "एकदा दाखवा" म्हटलं नसतं, तर त्या सकाळी ते मशीन त्याच्या हातात असतं. त्याला कडी कशासाठी असते हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ठराव केला तेव्हा चाळीस घरांतल्या एकानेही विचारलं नाही की तो कोणत्या बुटांनी उभा राहणार आहे. वाचलेले पैसे चाळीस घरांत वाटले जाणार होते, धोका त्या एकट्याचा होता.

आता ब्रेक नीट लागतो. तरी मी कमिटीला लेखी दिलं आहे की हे मशीन सोसायटीने वापरू नये. विकायचंही नाही असं ठरवून मी ते नाना पेठेत सुट्या भागांसाठी देऊन टाकलं.

तुमच्या सोसायटीत असं खोकं आलेलं असेल, तर कृपा करून ते माळ्याच्या किंवा वॉचमनच्या हातात देऊ नका. स्वतःच वापरणार असाल, तर लाकडाला लावण्याआधी मशीन मोकळ्या जमिनीवर दोन्ही हातांनी घट्ट धरा, पूर्ण वेग द्या आणि मनगटाने कडी पुढे ढकला. साखळी त्याच क्षणी थांबली नाही, तर मशीन पुन्हा खोक्यात घाला आणि परत पाठवा.